चित्रात उतरलेलं दुखणं

ताईची औषधं पोचवायला गेले होते, एवढंच. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, चित्रकार. अपघातात तिचा कणा मोडला आणि पोटची पोर, छोटी, गेली. तेव्हापासून ती फक्त स्वतःलाच रंगवायची. एका चित्रात पाठीच्या जागी तडकलेला खांब, दुसऱ्यात पावलांना फुटलेली काटेरी मुळं.

"रंगवलं की उतरतं गं," म्हणायची.

"मग डॉक्टरांना सांगू नकोस, बिचारे दुकान बंद करतील," मी चिडवायचे.

पण खरंच, खांबाच्या चित्रानंतर तिचा कमरेचा पट्टा सुटला. मुळांच्या चित्रानंतर काठी.

त्या दुपारी दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदे ओढलेले. टर्पेंटाइनचा वास, आणि त्याखाली बंद खोलीत खूप दिवस कुणी आजारी असावं तसा आंबूस दर्प. ताई खिडकीजवळ ताठ उभी होती. वळून छान हसली.

"या ना. कोण हवंय आपल्याला?"

"ताई, थट्टा पुरे हं."

ती हसतच राहिली.

"छोटीची शपथ आहे तुला, नीट बोल!"

"छोटी कोण?" तिनं सहज विचारलं.

हातातली पिशवी गळून पडली. तेव्हा मला ते नवं चित्र दिसलं. ताईच होती. छाती कपाटासारखी उघडी, आत लहान मुलीचा फ्रॉक टांगलेला. डोळे रडून सुजलेले.

खोलीत कुणाचा तरी श्वास अडखळला... खिडकीजवळच्या बाईचा नव्हे.

"चिमे..."

मला चिमे म्हणणारी जगात एकटी ताई. आवाज चित्राकडून आला होता.

"फार दुखतंय गं, चिमे... मला इथे टाकून जाऊ नकोस..."

"कुणाकडे बघताय एवढं?" खिडकीजवळची बाई म्हणाली.

मी दोघींना घरी आणलं. दुसरं काय करणार? ती बाई आता माझ्याकडेच राहते. पोटभर जेवते, गुणगुणते, ब्रशला मात्र हात लावत नाही. चित्र मागच्या खोलीत, कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात. दुपारी सगळं आवरलं की मी तिथे जाऊन बसते. छोटीबद्दल बोलतो आम्ही.

काल कुलूप काढलं तर रंगाचा वास आला. चित्रात ताईच्या शेजारी आता एक खुर्ची आहे, मी रोज तिथे बसते तशीच. रिकामी.

मी बोट टेकवून पाहिलं... रंग ओला होता.