तिकडचं टोक

मोबाईल ठेवा खाली आधी. दिवसभर स्पीड स्पीड करता ना, मग स्पीडचीच गोष्ट ऐका. आमच्या धम्मपालची हाय, माझ्या चुलतभावाच्या पोराची. त्यानं सोता माझ्यापाशी बसून सांगितली, म्हणून मी सांगतोय.

धम्मपाल नेट जोडायचं काम करतो. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीची वेळ. फुलंब्रीत सायली नावाच्या पोरीकडं नेट रडतखडत चालायचं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नोकरीची मुलाखत, तीबी ऑनलाइन. धम्मपालनं वायर बदलली. आता लाइन खरंच किती ओढती ते बघायला लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर कमांड मारावी लागती. पण त्याला दोन टोकं लागतात. इकडं हा, अन् तिकडं शहागंजच्या ऑफिसातल्या मशीनवर दुसरा. तिकडनं कुणी सुरू केल्याबिगर इकडं स्पीडचा आकडा पडत नाय.

तिकडचा गडी राजकुमार, त्याचा जिगरी दोस्त. बजाजनगरात घरी जेवायला बसलेला.

"उद्या बघू रे," तो फोनवर म्हणला.

"पोरीच्या नोकरीचा सवाल हाय. जा ना यार," धम्मपाल म्हणला.

उठला बिचारा ताटावरनं.

दोघांची रीत ठरलेली. पोचल्यावर फोन करायचा नाय. आकडे पडायला लागले म्हंजी गडी पोचला. साडेदहाला आकडे पडले. पंच्याण्णव. पंच्याण्णव. धम्मपाल खूश. सायलीच्या आईनं चहा टाकला.

लाइट कशाला लावतीस, रूपा? राहू दे, गोष्ट अंधारातच ऐका.

मग नव्वद. साठ. एकतीस... धम्मपालनं वायर दाबून बघितली. वायर ठीक. अकरा. चार...

शून्य.

शून्य...

लाइन तुटली असती तर टेस्ट बंद पडली असती. पडली नाय. तिकडं कुणीतरी होतं. नुसतं बसून होतं.

"राजू, काय करायलास?" तो पडद्यालाच बोलला.

शून्य...

मग त्यानं फोन लावला. उचलला परक्या माणसानं. "गोलवाडीजवळ ह्यांची गाडी पडलीय. झाडीत होते, आम्हाला आत्ता दिसले. कधीचे पडलेत कुणास ठाऊक... हातपाय गार झालेत."

गोलवाडी म्हंजी शहागंजच्या लई अलीकडं. राजकुमार ऑफिसला पोचलाच नव्हता.

धम्मपाल मला म्हणला, "काका, आकडे पडले नसते तर मी लगेच फोन केला असता. वाजलेला ऐकून कुणी उचललं असतं त्याला. जगला असता तो." मला त्याच्या तोंडाकडं बघवंना.

सकाळी मालकानं ऑफिसचं शटर उघडलं. धम्मपाल संगं होता. कुलूप जसंच्या तसं. एक चावी मालकाकडं, दुसरी राजकुमारच्या खिशात, घाटी दवाखान्यात. मशीनची पिन भिंतीतून काढलेली. खुर्ची मात्र पुढं ओढलेली...

अन् कीबोर्डवर काचेचा चुरा. गाडीच्या हेडलाइटची असती ना, तसली काच.