झाकलेले चौकोन

आधीच सांगते, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. रात्रीची असती तर मीच म्हटलं असतं, झोपेत काहीतरी बघितलं असेल.

आणि ही कुणाच्या मावशीच्या नणंदेची ऐकीव गोष्टही नाही. माझ्या आईची आहे. मागच्या हिवाळ्यातली, तिच्या स्वतःच्या घरातली. माझा नवरा आजही म्हणतो, नेटवर्कचा घोळ. म्हणू दे. त्याने ते कानाने ऐकलेलं नाही.

आई एकटी राहायची. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर, दोन खोल्यांत. बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वॉकरशिवाय एक पाऊल नको. पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत."

मी म्हटलं, आई, आमच्याकडे चल.

ती म्हणाली, "माझ्या घरातून मला कोण हलवतं तेच बघते."

झालं. तिच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही, माझी काय शिजणार?

म्हणून कॅमेरा.

कॅमेरावाला भलताच बोलका होता. त्याने बाहेरच्या खोलीत कपाटाच्या वर कॅमेरा बसवला. चित्रात डावीकडे घराचं दार, उजवीकडे आईचा पलंग, त्याच्या पलीकडे बाथरूम. मग त्याने मला खोलीत चालायला लावलं आणि फोनवर दाखवलं. माणूस हलला की त्याच्याभोवती पिवळी चौकट येते आणि फोन वाजतो, 'माणूस दिसला'. शिवाय मी फोनमध्ये बोलले की माझा आवाज थेट खोलीत, आणि खोलीतला आवाज माझ्या फोनवर.

"म्हणजे आता ही दुकानात बसूनसुद्धा माझ्या डोक्यावर बसणार," आई त्याला म्हणाली.

मी कपडे ऑल्टर करते. दिवसभर मशीनवर. फोन समोर दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवायचे. आई उठली, चौकट. आई बाथरूमला गेली, चौकट. जीवात जीव यायचा.

आठवडाभराने, दुपारी, फोन वाजला.

माणूस दिसला.

मी बघितलं. आई पलंगावर झोपलेली, तोंड भिंतीकडे. आणि दाराशी...

चौकट होती. पिवळी, उभी, पुरुषभर उंच.

आत कुणीच नव्हतं.

दाराचं लॅच लागलेलं. मी बघत असतानाच चौकट गेली.

कॅमेरावाल्याला फोन लावला. तो हसला. "ताई, पडद्याची सावली असणार. तेवढा भाग झाकून टाका." कसं ते त्याने सांगितलं. चित्रावर बारीक चौकोन येतात, त्यावर बोट फिरवायचं. फिरवलं तेवढे चौकोन काळे. तिथलं मग कॅमेरा बघत नाही, आपल्यालाही दिसत नाही.

मला पलंग आणि बाथरूमचा रस्ता दिसला की पुरे होतं. दार काळं केलं.

दोन-चार दिवस शांत गेले. मग पुन्हा फोन वाजला. आता चौकट चपलांच्या रॅकपाशी. रिकामी.

उन्हाचा कवडसा असेल, म्हटलं. तेही झाकलं.

मग टेबलापाशी. मग खुर्चीपाशी.

मी हातावर हात धरून बसले नव्हते हां. कॅमेरा बंद करून चालू केला. स्टुलावर चढून काच पुसली. कोळिष्टक काढलं. कॅमेऱ्याची हालचाल टिपायची ताकद कमी करून बघितली, तर त्याला आईच दिसेना. ती परत वाढवली. सगळं करून थकले, की शेवटी बोट फिरवायचं आणि चौकोन काळे करायचे. फोन गप्प बसला की मीही खूश.

"आमच्या इंजिनियरबाई," नवरा म्हणायचा. मीही नाक वर करून फिरत होते.

खुर्ची झाकल्यावर मात्र आई हलल्याशिवाय फोन अजिबात वाजला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या रविवारी आईकडे गेले. केस विंचरत होते तिचे. ती सहज म्हणाली, "तू हल्ली दुपारी फार हळू बोलतेस गं. नीट ऐकू येत नाही."

"मी कधी बोलले?"

"कालच की. आई, ऊठ म्हणालीस."

माझा हात थांबला.

काल दुपारी दुकानात लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग होता. मला पाणी प्यायला सवड नव्हती. मी फोनला हातही लावला नव्हता.

"आणखी काय म्हणाले मी?"

"म्हणालीस... वॉकर राहू दे."

मी तिला बजावलं. मी असं कधीही म्हणणार नाही. मेले तरी म्हणणार नाही. असं ऐकू आलं तर जागचं हलायचं नाही. ती बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "बरं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालंय त्यांचं. भास होतात." मलाही तेच खरं मानायचं होतं. दुसरं काय मानणार?

पण दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागेना. दुपारी मशीन थांबवली आणि फोन उघडला.

आई पलंगावर बसलेली. पाय खाली सोडलेले.

मग मी पहिल्यांदा ते चित्र पूर्ण बघितलं. इतके दिवस मी फक्त पलंग बघत होते. आता काळे चौकोन बघितले. दार. रॅक. टेबल. खुर्ची.

सगळे एकमेकांना चिकटलेले. दारापासून निघालेली काळी वाट सरळ पलंगाला येऊन टेकली होती.

सावली नव्हती ती. कवडसाही नव्हता. कुणीतरी रोज थोडं थोडं आत येत होतं. कॅमेरा मला सांगत होता. आणि मी दर वेळी त्याच्यावर काळं फासून त्याला लपायला जागा करून देत होते.



फोन वाजला.

माणूस दिसला.

पलंगावर एक चौकट आईभोवती. आणि तिच्या शेजारी, अगदी खेटून...

दुसरी.

आईने मान वळवली. त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. ऐकत होती ती.

मी फोनमध्ये ओरडले, "आई, हलू नकोस!" दुकानातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

फोनमधून उत्तर आलं. आईचं नाही.

माझ्याच आवाजात, हळू, लाडीगोडीने...

"ऊठ आई. चल. काही होत नाही."

आई उठली. वॉकर पलंगाशी तसाच. तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि काळ्या चौकोनांत शिरली. मला दिसेनाशी झाली. माझ्याच हाताने झाकलेल्या जागेत.

मी शेजारच्या काकूंना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडे असते. स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. रस्ताभर मी एकच म्हणत होते, पडू नको देऊ, पडू नको देऊ. कुणाला म्हणत होते, तेही माहीत नाही.

पोचले तर काकू उंबऱ्यात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"अगं, किल्ली लागलीच नाही. मी आले तेव्हा दार उघडं होतं. आजी दारात उभ्या. बाहेर पाय टाकणार तेवढ्यात मी धरलं."

आई पडली नव्हती. तिला साधं खरचटलंही नव्हतं.

संध्याकाळी तिला आमच्याकडे आणलं. भांडली नाही, काही नाही. कॅमेरा काढून टाकला.

रात्री तिचे पाय दाबता दाबता मी विचारलं, "आई, मी तुला बजावलं होतं ना? तरी उठलीस?"

तिने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "ती तू नाहीस, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"कसं?"

"तू कधी इतक्या मायेने बोलतेस?"

मला रडू फुटलं. ती मला थोपटत राहिली. म्हणाली, "अगं, माहीत असतं. तरी कुणी तसं बोलावलं की जावंसं वाटतं."

त्यानंतर खरं तर मी तिच्याशी गोड बोलायला हवं होतं. बोललेही, एक दिवस. मग मनात आलं, मी गोड बोलायला लागले तर हिला कोणती मी, ते कळणार कसं? म्हणून मुद्दाम ओरडायला लागले. "गोळी घे. बस तिथे. वॉकर कुठाय?" नवरा म्हणायचा, म्हाताऱ्या आईवर काय खेकसतेस. आई मात्र गालातल्या गालात हसायची. तिला कळत होतं.

तसे महिना-दीड महिना बरे गेले.

परवा दुकानाला सुट्टी होती, दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. नवरा कामाला गेलेला. नळ बंद केला, आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

माझा. खेकसणारा.

"ऊठ म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?"

धावत गेले. आई खोलीच्या मधोमध उभी होती. वॉकर भिंतीशी. मला बघून ती गोंधळली. एकदा माझ्याकडे, एकदा पलंगाकडे बघितलं.

"तूच ओरडलीस ना आत्ता?" तिने विचारलं.

तेव्हापासून मी काम सोडून घरी आहे. आईशी बोलत नाही, गोड नाही की कडू नाही. शेजारी बसते आणि तिचा हात धरून ठेवते. हे लिहितानाही एका हाताने लिहितेय. तिला झोप लागलीय.

पण हात सोडायची माझी हिंमत होत नाही.