काळी दोनची तोटी

मार्गशीर्षातल्या दुपारी उंबरगडीच्या दत्तमंदिरात कीर्तन उभं राहिलं, की पेटीच्या आधी तोटी सूर द्यायची.

वर्षभरापूर्वी ऋजुता देवस्थळे या तरुण इंजिनिअर मुलीनं डोंगरावरच्या गावागावांत नादतोट्या बसवल्या होत्या. नदीवरचं पाणी चार टप्प्यांत डोंगर चढून येई. घागरभर पाणी वर आणायला पंपाला जितकी जास्त वीज लागे, तितका तोटीतल्या पितळी पातीचा सूर चढा लागे. वीज डोळ्यांना दिसत नाही, कानांना तरी टोचेल आणि माणसं तोटी चटकन बंद करतील, हा तिचा अंदाज. खालच्या गावांत तसंच झालं. उंबरगडी मात्र पडली कीर्तनवेडी. देवळातली तोटी नेमकी पेटीवरच्या काळी दोनमध्ये गाऊ लागली, आणि तीच सदानंदबुवांची पट्टी! बुवांचा गळा दोन वर्षं साथ सोडत होता. पेटी, यंत्रातला तंबोरा, सगळं करून झालं होतं. पण गळा उभा राहिला तो या वाहत्या सुराला टेकून. मग तोटी बंद कोण करणार? पाणी तरी वाया कुठं जात होतं? चर खणून तुळशीला सोडलं होतं. रोज तीन तास तोटी गायची, आणि सप्ताहाला बसलेलं गाव डोळे मिटून त्या सुरावर तरंगत राहायचं.

सप्ताहाच्या पाचव्या दिवशी पूर्वरंग संपता संपता सूर किंचित चढला. बुवांनी आवाज चढवला. सूर आणखी चढला. पेटीवाला चाचपडू लागला. शेवटी बुवांनी अभंग अर्ध्यात सोडला आणि समोर बसलेल्या ऋजुताला, या तोटीला काय झालं, असं विचारलं. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी खोल गेलंय, तेवढंच पाणी उचलायला पंप जास्त राबतोय, असं तिनं सांगितलं.

तेवढ्यात मागून गिरजाकाकू उठल्या. देवळाच्या खालच्या अंगाला त्यांची अंजिराची बाग. पाण्यासाठी गावाला रोजची वीज ठरलेली. ती देवळातच संपायची, म्हणून चार दिवस बाग कोरडी होती. देवाचं काम, बोलायचं तरी कसं, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

“बुवा, तुळशीला पाणी पोचलं. माझ्या अंजिरांनी काय सप्ताहाचा उपास धरलाय?”

मंडळी हसली. बुवा चिपळ्या खाली ठेवून तोटीपाशी गेले.

“मला वाटलं मी गातोय,” ते म्हणाले. “कुणीतरी दमत होतं, त्याचा सूर होता हा.”

त्यांनी तोटी बंद केली. उरलेलं कीर्तन त्यांनी नुसतं बोलून पुरं केलं; गळा लागलाच नाही. आता काला तरी कसा व्हायचा, ही चिंता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती.

संध्याकाळी बुवांना देवळामागच्या कातळातलं टाकं आठवलं. पावसानं काठोकाठ भरलेलं, पण नळ आल्यापासून त्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. दोन दिवस खपून गावानं वरचं शेवाळ काढलं. टाकं देवळाहून उंच. नळी नुसती खाली सोडायची होती. एक नळी तोटीला जोडली, दुसरी गिरजाकाकूंच्या बागेत गेली.

काल्याच्या दिवशी तोटी उघडली. पाणी आलं, सूर नाही. सगळे कान देऊन बसले. नुसती धार पडत होती. बुवांनी डोळे मिटले आणि त्या धारेच्या आवाजावरच अभंग धरला, खालच्या, घोगऱ्या, कापऱ्या आवाजात. ती पट्टी पेटीवाल्याला सापडेना. त्यानं पेटी मिटून हात जोडले. खाली बागेत मातीचा वास उठला होता.

काल्याचा प्रसाद वाटून झाल्यावर बुवांनी ऋजुताला तोटीपाशी बोलावलं.

“आज ही गप्प का गं?”

“हे पाणी आपण उचललंच नाही, बुवा. पंप नाही, म्हणून सूर नाही.”

“आपण नाही उचललं. पण समुद्रातून या कातळावर कुणी तरी आणलंच ना?”

“सूर्यानं,” ती म्हणाली.

बुवांनी धारेखाली ओंजळ धरली आणि पाणी डोळ्यांना लावलं.

“एवढं उचलून तो खरंच दमत नसेल, पोरी? की आपल्या तोटीलाच तेवढे कान नाहीत?”