सरस्वतीबाईंचे अडतीस लाख

सबइन्स्पेक्टर राजश्री गमरे बँकेच्या सीवूड्स शाखेत शिरली, तेव्हा करावे गावच्या सरस्वतीबाईंनी पुतण्याची कॉलर धरली होती.

"ह्यानंच माझे अडतीस लाख खाल्ले, मॅडम. घरासाठी ठेवलेले."

राजश्रीने त्यांचा हात सोडवला. पुतण्या मितेश मान वर करत नव्हता. घर विकणारा हिरामण दाराशी हाताची घडी घालून उभा होता. सकाळीच पैसे त्याच्या खात्यात जायचे होते. तीन वाजले तरी तो म्हणत होता, एक रुपया आला नाही.

"इथून निघाले का?" राजश्रीने काउंटरवरच्या सुयशला विचारलं.

"अकरा दहाला आरटीजीएस केलं. मोठी रक्कम त्यातून लगेच जाते. जमा झाली की आमी परत ओढू शकत नाय."

"असं खातंच नसेल तर?"

"तासाभरात परत येतात. आले नाहीत."

"म्हणजे कुणाला तरी मिळाले. फॉर्मवर नाव हिरामणचंच आहे ना?"

"पैसे नंबरवर जातात, नावावर नाय. नाव पडताळायची सोय आहे, पण ह्यांना घाई होती."

राजश्रीने फॉर्म पाहिला. अक्षर मितेशचं. खात्याचा नंबर, शाखेचा कोड. शाखेच्या नावाची जागा कोरी.

"नंबर कुठून आणलास?" तिने मितेशला विचारलं.

"ह्यांनी फोनवर सांगितला, तोच लिहिला."

"खोटारडा," हिरामण म्हणाला. "मी माझा पनवेलचा नंबर दिला. उलव्याला कोणाला पाठवले, ते ह्यालाच विचारा."

 राजश्रीने फॉर्म सुयशपुढे सरकवला.

"हा कोड कुठला?"

सुयशने कॉम्प्युटरवर शोधलं. "उलवे."

"हे आधी कुणाला सांगितलंस का?" राजश्रीने त्याला विचारलं.

"मलाच आत्ता कळलं."

राजश्रीने उलव्याच्या शाखेला फोन लावला. रक्कम तिथेच होती. ती रोखून धरायला सांगितली. "खातेदार मिथुन भोईर," तिने फोन ठेवत सांगितलं.

"ह्यांचा मेहुणा," मितेश हिरामणकडे बघत हळूच म्हणाला.

राजश्री हिरामणकडे वळली. "नंबर तोंडी दिला, म्हणजे पुरावा नाही. पैसे मेहुण्याकडे, घर तुमच्याकडे आणि चोर हा पोरगा. पण फॉर्मवर उलवे कुठेच लिहिलेलं नाही. बँकेच्या माणसालाही शोधावं लागलं. तुमाला आधीच कसं ठाऊक?"

हिरामणची हाताची घडी सुटली.  राजश्रीबरोबर आलेल्या हवालदाराने त्याचा दंड धरला.

सरस्वतीबाई मितेशजवळ आल्या. "चल घरी, पोरा."

"तुमी जा, काकी. मी उद्या येऊन माझं सामान नेतो."

तो त्यांच्याकडे न बघता बाहेर पडला.