मामाच्या हाताची थरथर

कपिल निरगुडसरला गेला तो खरं तर नुसते दुधाच्या पावडरीचे डबे द्यायला. भागुजीमामाच्या नाकात अजून नळी होती ना, सगळं पोटात जायचं ते त्यातूनच. जिभेच्या मुळाशी कॅन्सर. गळा न चिरता, तोंडातूनच रोबोटनं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर चार हात लांब मशीनवर बसून बोटं हलवणार, अन् तश्शीच बोटं रोबोट मामाच्या घशात हलवणार. "डॉक्टरचा हात थरथरला तरी मशीन ती थरथर गाळून टाकतं मामी, भारी आहे!" असं सांगून सांगून कपिलनंच मामीला पटवलं होतं. सहीसुद्धा त्याचीच.

"जय भीम, मामी. मामा कुठंय?"

"वावरात." द्रौपदामामी दारातच उभी होती, हिरव्या साडीत अंग चोरून. "तूच जा. मी न्हाई जात जवळ."

"आता काय झालं?"

"तू आनलास तो कोन हाय, ते तूच बघ राव."

कपिल हसला. पण वावरात गेला अन् हसू जिरलं. भर दुपार. टोमॅटोच्या ओळीत हवा ठप्प, पानांचा तो उग्र वास. मामा वेल तारेला बांधत होता. दहा वर्षं मामाचे हात थरथरायचे, सुतळीचं टोक दातात धरल्याशिवाय फास बसायचा नाही. आता? दोन बोटं, मनगटाचा एक झोक, गाठ. पुन्हा गाठ. सगळ्या इवल्या इवल्या, एकसारख्या, जखमेवरच्या टाक्यांसारख्या.

"मामा?"

मान वळली नाही. डोळे समोर, कुठंतरी लांब.

"बघ," मागोमाग आलेली मामी लांबूनच कुजबुजली, "खाली बघतबी न्हाई… चार दिस झालं, मला वळखत न्हाई. माझा मानूस तिथंच ऱ्हायला का रं? इचार तुझ्या मशीनवाल्याला!"

कपिलनं हॉस्पिटलला फोन लावला. नर्सनं उचलला. "सर मशीनवर सराव करतायत. थांबा, बोलावते… सर, फोन!"

मामाचे हात हवेतच थांबले. सुतळी बोटांत तशीच.

कपिलच्या मानेवरून घाम ओघळला. योगायोग, दुसरं काय…

"हं, बोला," डॉक्टर म्हणाले. मागं मशीनची बारीक घरघर.

"सर, मामा… मामा कसेतरीच वागतायत."

तेवढ्यात मामीला राहवलं नाही. ती सरळ मामाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "अवं, माझ्याकडं बघा की! मी द्रौपदा!"

मग डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "मामा छान आहेत. फक्त त्या हिरव्या साडीतल्या बाईंना म्हणावं, अजिबात हलू नका."

कपिलनं मोबाइल कानावरून काढून बघितला. साधाच कॉल. कॅमेरा बंद.

मान वर केली तेव्हा मामाच्या दोन बोटांनी मामीची हनुवटी धरली होती. अलगद. अन् फोनमधला आवाज म्हणत होता, "आ करा…"