डाव्या सीटचं वजन

अकोल्याच्या गोवर्धनच्या दुकानात टायर घ्यायला गेलं की आधी चहा येतो, मग गप्पा येतात, आणि गिऱ्हाइकाचं नशीब असेल तर शेवटी टायरही येतो. त्या दिवशी रागिणीने चहाला हातही लावला नाही.

"चारही सारखेच द्या. दोनशे पाच, पन्नास, सोळा."

"म्हंजे शेवटी तुमचंच खरं केलं ताई," गोवर्धन बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली.

गेल्या वर्षी त्याच बाकावर बसून रागिणी आणि तिचा धाकटा भाऊ विपुल याच टायरांवरून हमरीतुमरीवर आले होते. रागिणी अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची, विपुल मूर्तिजापूरजवळच्या गावात वडिलांची शेती बघायचा, आणि शेतीतून उरलेला सगळा जीव त्याने एका गाडीत घातला होता. दोन सीटची, लाल, जुनी स्पोर्ट्स कार, पुण्याहून ट्रकवर लादून आणलेली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. ती दुरुस्त करून एकदा, फक्त एकदा, कोइमतूरच्या रेस ट्रॅकवर पळवायची, एवढंच त्याचं स्वप्न होतं. पुढे दोनशे पाचचे आणि मागे दोनशे पंचवीसचे रुंद टायर हवेत, असा त्याचा हेका होता. "ताकद मांगं हाय ना ताई? मंग चप्पल मांगंच मोठी पायजे." रागिणी म्हणायची, मागे एवढं रुंद घातलंस तर मागची चाकं चिकटून बसतील आणि वळणावर पुढची घसरतील, तू स्टिअरिंग फिरवशील आणि गाडी सरळ शेतात जाईल. चारही सारखे घाल, गाडी तोलात राहील. गोवर्धन दोघांनाही "बराबर" म्हणायचा.

गाव म्हणायचं, हे पोरगं त्या गाडीपायी जाईल. गाडीने काहीच केलं नाही. काविळीने नेलं त्याला, गेल्या वर्षीच्या भर उन्हाळ्यात, अमरावतीच्या दवाखान्यात. गाडी तेव्हा दुरुस्त होऊन, नव्या चाकांवाचून लाकडाच्या ठोकळ्यांवर उभी होती.

आता पुण्याची इशिता नावाची मुलगी ती गाडी घ्यायला तयार झाली होती. तीही ट्रॅकवर गाडी पळवणारी. तिची एकच अट होती. चाकं आणि टायर रागिणीने ठरवावेत आणि बसवून द्यावेत, पोळा आटोपला की ती येऊन घेऊन जाईल. रागिणीला गाडी विकायची होती ती वडिलांसाठी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील, खुशालराव, घरात एकटे, आणि घरात तरी कुठे? गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये गाडी होती, तिच्याशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. अमरावतीला चला म्हटलं की एकच उत्तर. "गाडी एकटी पडते." गाडी गेली की वडील येतील, जगतील. बाकी रागिणीला काही नको होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिने नवी चाकं बसवली. गावात घरोघरी बैलांचे खांदे शेकण्याची गडबड होती. खुशालरावांनी बैल केव्हाच विकले होते, पण ते शेडमध्ये आले ते हातात वाटी घेऊन. गरम तूप, हळद, आणि पळसाची पानं.

"बाबा, हे काय?"

"बैल नाई तर नाई. हेच बैल त्याचे."

ते गाडीभोवती फिरले. चारही टायरांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावली, अगदी हलक्या हाताने, जनावराला दुखू नये तशी. मग डाव्या दाराशी थांबले आणि बैलांना म्हणतात तेच म्हणाले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रागिणीला भरून आलं. रबराला तूप लागलं की घसरतं, हेही तिच्या मनात आलं. ते सकाळी पुसू, असं तिने ठरवलं.

पोळ्याच्या दिवशी तिने टायर धुतले आणि गाडी तोलायला काढली. कोणत्या चाकावर किती भार येतो ते कळल्याशिवाय टायरचा आकार पक्का होत नाही, हवा किती भरायची तेही कळत नाही. विपुलने त्यासाठी अडत्यांकडे असतात तसले चार इलेक्ट्रॉनिक काटे आणून ठेवले होते. गेल्या वर्षी दोघांनी मिळून गाडी तोलली होती, तेव्हा डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी भरली होती.

या वेळी डावीकडे शेहेचाळीस किलो जास्त भरलं.

तिने काटे अदलाबदल केले. स्वतः एकेकावर उभी राहिली. चारही काट्यांनी तिचं वजन सारखंच दाखवलं. फरशी सपाट होती. नवी चाकं जुन्यांपेक्षा हलकी होती. तिने डिकी उघडली, सीटखाली हात घातला, चटई उचलली. काही नव्हतं. शेवटी ती सीटजवळ वाकली तेव्हा तिला दिसलं की डाव्या सीटचं कापड मधोमध जरासं दबलेलं आहे.

शेहेचाळीस. दवाखान्यात शेवटचं वजन केलं तेव्हा विपुलला जेमतेम उभं राहवत होतं. तिने त्याला काट्यावर चढवलं आणि नर्सने आकडा वाचेपर्यंत फक्त हात पुढे धरून ठेवला होता. पिवळ्या डोळ्यांनी तो हसला होता. "ताई, आता मी बसलो तरी गाडीले कळनार नाई."

ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. गावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. खुशालराव ताट घेऊन येत होते. पुरणपोळी, वडे, कढी. वजनाचं ती त्यांच्याशी काही बोलली नव्हती. त्यांनी ताट नेलं आणि डाव्या सीटसमोर ठेवलं.

"बाबा, तुम्ही जेवलात का?"

"त्याचं होऊ दे."

पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा वडिलांचा सदरा त्यांच्या अंगावर लोंबत होता. शेजारच्या गंगूबाई दोन वेळचा डबा देत. तो डबा रोज शेडमध्ये जायचा आणि संध्याकाळी तसाच परत यायचा, घास न घास जागच्या जागी. वडील मग तो गाईपुढे ठेवत. गाय हुंगायची आणि मान फिरवायची.

"म्या लय दिवसांची वयखतो या गाईले," गंगूबाई म्हणाल्या. "पोळी सोडनारी गाय नव्हे ते. काय झालं व बाई?"

रागिणीने गाडी पुन्हा काट्यांवर घेतली.

एकोणपन्नास.

"अंगानं भरून राहिला तो," मागून खुशालराव म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्षभरात प्रथमच सुख होतं. ते ऐकून रागिणीला रडू आलं. वडिलांना एवढं सुखी करणं तिला जमलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही बोलावलंत त्याला. आता जा म्हणा."

खुशालरावांनी बराच वेळ विचार केला. खरंच केला.

"आवतनाचे बोल हायेत पोरी. जा म्हन्याचे बोल नाई आपल्यात. बैल कुठी जाते? घरचाच असते तो."

त्या दुपारी तिने गाडी जिनिंगच्या सिमेंटच्या अंगणात काढली. टायरच्या कडांवर खडूने रेघा ओढल्या. वळणावर टायर किती कलतो ते कळायला विपुल तसंच करायचा. जिथवर खडू पुसला जाईल तिथवर टायर जमिनीला टेकला, असा सरळ हिशोब. तिने एक फेरी मारली, मग दुसरी. शेजारच्या सीटकडे ती बघत नव्हती. सीटबेल्ट मात्र वळणावर ताणला गेल्याचा आवाज तिने ऐकला, तो तिचा नव्हता.

उतरून बघितलं. मागच्या डाव्या टायरचा खडू पार कडेपर्यंत गेला होता. दोनशे पाच तिथे अपुरा पडत होता. दोघं बसणार असतील तर अपुराच पडणार.

"बरं," ती मोठ्याने म्हणाली. "तुझंच खरं."

गोवर्धनने मागची दोन रुंद चाकं, दोनशे पंचवीसचे टायर, तिच्या रोजच्या गाडीत चढवून दिले आणि या वेळी तिने चहा घेतला.

चाकं बदलून ती पुन्हा अंगणात फेऱ्या मारायला लागली. ती एवढी जोरात कधीच चालवत नव्हती. गाडी मागून घट्ट धरून होती, आणि पुढचं नाक वळणावर थोडं बाहेर पळत होतं, तिने सांगितलं होतं तसंच. ती हसली. रडत होती आणि हसत होती. "बघ, घसरली की नाही? बघ." जिनिंगच्या भिंतीवर बसलेली चार पोरं टाळ्या वाजवत होती. तिने कोइमतूर कधी पाहिलं नव्हतं. पण त्या दुपारी दोघांनी मिळून ते पाहिलं, असं तिला आजही वाटतं.

मग तिने गाडी थांबवली, डाव्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता जा रे. बाबांना राहू दे मला."

इशिता आली त्या सकाळी गाडी शेवटची तोलली.

दोन्ही बाजू सारख्या भरल्या.

सीटचं कापड ताठ होतं. तिने हात फिरवून पाहिला, पुन्हा फिरवला. गाडी ट्रकवर चढली आणि मूर्तिजापूरच्या रस्त्याने गेली. रागिणीच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या जागी नुसतं दुःख उरलं, साधं, माणसाला पेलवेल असं.

खुशालराव गाडीला निरोप द्यायला आलेच नाहीत. तिला ते बरंच वाटलं. ती घरी गेली, त्यांची पिशवी भरायला.

ते ओसरीवर होते. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसले होते. समोर दोन ताटं वाढलेली.

"बाबा, गाडी गेली."

"जाऊ दे. त्याले आता गाडीचं काय काम?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. भिंतीशी विपुलची बाज होती, वर्षभर उभी करून ठेवलेली. आज ती आडवी टाकलेली होती. तिची निवार नवी विणलेली, करकरीत.

"हळू बोल. आत्ताच डोया लागला त्याचा."

बाजेवर कोणी नव्हतं. निवार मधोमध खाली गेली होती, चांगली वीतभर, भरल्या अंगाचा माणूस कुशीवर निजावा तशी.

"बाबा, चला," रागिणी म्हणाली. "माझ्याबरोबर चला. आत्ता."

"जेवला की निघू," ते म्हणाले, आणि उठून, जपून, बाजेच्या कडेला बसले.

मधला झोल तसाच राहिला. वडील बसले होते तिथली निवार मात्र जराही खाली गेली नाही.