डाव्या हातातला वस्तरा

खळीत थोडा मोरचूद घातला की कागदाला झुरळं लागत नाहीत.

बागेचं लोखंडी कुंपण लढाईसाठी वितळवायला नेलं. फाटक तेवढं राहिलं, आणि माळी त्याला रोज इमानेइतबारे कुलूप लावत राहिला.

दारूगोळ्याच्या कारखान्यात एका बाईची वेणी मशीनच्या पट्ट्यात गेली. बाई वाचली. वेणी संध्याकाळपर्यंत गरगरत होती. मशीन थांबवायला कुणाला सवड नव्हती.

सैन्यात भरती करताना पाय मोजतात. दोन्ही.

आरशातला माणूस नेहमी डावखुरा असतो.

आता दुकान. दुकान केस कापायचं. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीलगत बाक आणि मागे पडद्याआड घर. दादा आघाडीवर गेला तेव्हा आईने वस्तऱ्यांना तेल लावलं, ते फडक्यात गुंडाळले आणि म्हणाली, “तो आल्यावर उघडू.” धाकट्या बहिणीने आठवडाभर वाट पाहिली. मग तिने फडकं सोडलं.

“पोरीच्या जातीने पुरुषांच्या गळ्याला वस्तरा लावायचा?” आई म्हणाली.

“दादा त्यांच्या छातीला बंदूक लावायला गेलाय. त्याचं तुला काही नाही.”

आईने भांडी जरा जोरात घासली.

दुकान उघडलं खरं, पण कुत्रं फिरकेना. नेहमीची गिऱ्हाइकं दारातून डोकावत, “दादा आला की येऊ हं,” म्हणत आणि वाढलेल्या दाढ्या खाजवत निघून जात. धाकटी रोज खुर्ची पुसायची. बसलेलं कुणी नसताना खुर्चीवर एवढी धूळ येते कुठून, हे तिला कळत नसे.

अशातच एका दुपारी भुरभुर पाऊस होता, आणि दारात एक माणूस आला. एका हातात खळीची बादली, काखेत कागदाच्या पट्ट्यांचं भेंडोळं, चालताना उजवीकडे झुकायचा. केसांतून पाणी निथळत होतं आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

“दारावरची काच झाली. आता आरसा,” तो म्हणाला. “बॉम्ब पडला तर तुकडे उडू नयेत म्हणून पट्ट्या. हुकूम आहे.”

“आरशावर पट्ट्या लावल्यावर गिऱ्हाईक काय बघणार?”

त्याने रिकाम्या बाकाकडे पाहिलं. “कुठलं गिऱ्हाईक?”

तिच्या हातात ब्रश होता. तिने तो फेकून मारला नाही, एवढंच.

तो ओशाळला. बादली खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसला. “हे… हे गिऱ्हाईक. दाढी.”

“भीती नाही वाटत?”

“सैन्याने परत पाठवलंय. एक पाय दोन बोटं आखूड निघाला. शौर्य कुठेतरी दाखवायला हवं ना.”

तिने हसू दाबलं. साबणाचा उरलेला तुकडा नखाएवढा; त्यातूनच फेस काढला आणि त्याच्या गालांवर गच्च थापला. ओळखीच्या घरात नव्याने शिरावं तसा वस्तरा तिच्या बोटांत आला. कपाळावर घाम, दात आवळलेले, पण हात… हात ठरल्या जागी गेला. फेस अलगद उतरला. ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही.

“डावखुऱ्या आहात?” त्याने आरशातून विचारलं.

“हलू नका. लिहिते उजव्याने.”

“मग हे?”

हे असं होतं. मुलींनी दुकानात यायचं नाही, हा दादाचा नियम. लहानपणापासून ती पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहायची, आणि फटीतून दिसायचा फक्त आरसा. आरशातल्या दादाचा वस्तरा डाव्या हातात. मागच्या खोलीत चमचा घेऊन ती उशीची दाढी करायची, ती तशीच, डाव्याने. चूक कळली तेव्हा फार उशीर झाला होता. उजव्या हातात वस्तरा तिला दुसऱ्याचा वाटायचा.

तो ऐकत राहिला. मग उठला आणि आरशावर फुलीसारख्या पट्ट्या चिकटवल्या. मधोमध थोडी जागा मोकळी सोडली.

“हे हुकुमात बसतं?”

“डोळ्यांपुरतीच तर आहे,” तो म्हणाला, आणि त्या जागेतून त्याने तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो गल्लीभर गालावरून हात फिरवत हिंडला. “लोणी आहे लोणी, हात लावून बघा,” म्हणत. त्यानंतर एक दिवसाआड यायचा. हवामानाचं बोलायचा, खळीचं बोलायचा, जायचं नाव काढायचा नाही. धाकटीने त्याचं नाव चिकटराव ठेवलं. तो तिला उस्ताद म्हणू लागला. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“पहिल्या दिवशी सुद्धा ओरखडा नव्हता,” ती मधूनमधून ऐकवायची.

“नव्हता, उस्ताद,” तो गंभीरपणे म्हणायचा.

पुरुष मात्र आले नाहीत. आल्या त्या बायका. सगळ्यांत आधी कारखान्यातली, वेणी गेलेली बाई आली, डोक्याला रुमाल बांधून. “उरलेलं सारखं करून दे,” म्हणाली. मागोमाग तिच्या पाळीतल्या सगळ्या. मशीनपाशी लांब केस नकोत, असं आता कारखान्याच्या दारावरच लिहिलं होतं. त्या ट्राम चालवायच्या, गोळे भरायच्या, मालगाड्या उतरवायच्या. हातांना तेलाचा वास, बोलणं खणखणीत.

“घरात सासू आहे, जपून काप.”

“सासू रडेल?”

“रडू दे. पगार कोण आणतं?”

एकीने कात्री थांबल्यावर मानेवर हात फिरवला आणि म्हणाली, “मला मान आहे, हे आज कळलं गं.” बाकावर हशा पिकला. पडद्याआड आईसुद्धा हसली. भांड्यांचा आवाज थांबला त्यावरून कळलं.

बाकावर जागा उरेना तेव्हा कुठे पुरुषांनाही यावंसं वाटलं, आणि ते बाहेर रांगेत उभे राहू लागले, पावसात, मुकाट्याने. आधी म्हातारे आले, मग भरतीला निघालेली तरणी पोरं. त्यांचे केस ती हळू कापायची. जितका वेळ जास्त, तितकी पोरं इथे.

एका संध्याकाळी चिकटराव गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी पाठीवर घेऊन आला. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून कपाटांची आरसे लावलेली दोन दारं मिळवून, त्यांच्या काचा जोडून त्याने आरसा केला होता. मधे सांधा दिसत होता.

“दुसरी खुर्ची ठेवशील तर… तिला आरसा लागेल.” त्याने घसा साफ केला. “आणि मला, म्हणजे… मला तू लागशील.”

ती कात्री पुसत राहिली. 

“खुर्ची दादाची आहे. तो आला की मी पुन्हा पडद्यामागे.”

“माझ्या घरी ये. माझ्याकडे पडदाच नाही. खिडकीला ब्लॅकआउटचा काळा कागद आहे तेवढा.”

ती हसली, पण मान हलवली. “आधी खुर्चीचं ठरू दे. तुला आत्ता हो म्हटलं तर दुकानातून पळ काढला असं होईल. लोक म्हणोत. मला स्वतःला तसं म्हणायचं नाही.”

“आणि दादा नाही म्हणाला तर?”

“तर मी समोर दुकान काढीन. त्याच्याच समोर. तुला नंतर विचारीन.”

 त्याने आरसा भिंतीला टेकवला, तोंड भिंतीकडे करून. “इथेच राहू दे. मी काय, चिकटलोच आहे.”

दादा आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. दारात तो उभा राहिला, आणि बाकावरच्या बायका आपसूक सरकल्या. आई धावत आली, त्याला कवटाळून रडली, डोळे पुसत म्हणाली, “आला माझा पोर. धाकटे, ठेव आता तो वस्तरा.”

धाकटीने वस्तरा ठेवला नाही. दादाकडे पाहिलंही नाही नीट, धीर होईना. मग पाहिलं. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलं होतं.

दादा खुर्चीच्या मागे गेला नाही. खुर्चीत बसला.

“कर दाढी,” म्हणाला.

तिने फेस लावला. पट्ट्यांमधल्या जागेतून तो तिचा हात बघत होता. कानापासून खाली, हनुवटीची वळणं, गळ्यापाशी मनगटाचा तो छोटा झटका. त्याचाच झटका.

“डाव्याने कुणी शिकवलं?”

“तूच. पडद्याच्या फटीतून… आरशात तुझा डावाच दिसायचा.”

दादाने मांडीवरची उरलेली दोन बोटं हलवली. “यांनी कातडी ताणता येईल? डाव्याने वस्तरा धरला तर?”

“येईल.”

“मग शिकव. खुर्ची…”

“खुर्च्या दोन,” धाकटी म्हणाली. “एक माझी. हे आधी सांगते.”

“बरं बाई,” दादा म्हणाला. “गळ्यावर वस्तरा ठेवून सांगतेस.”

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. दाराशी बादली घेऊन चिकटराव उभा होता, कधीचा कोण जाणे. धाकटीने मान न वळवता सांगितलं, “आरसा फिरव रे तो.”

त्याच्या हातातली बादली हिंदकळली. “म्हणजे… हो?”

“पट्ट्या लाव आधी. हुकूम आहे.” तिने वस्तरा फडक्याला पुसला, गाल लाल झाले होते. “डोळ्यांपुरती जागा सोड.”

पहिल्या दिवशी, त्या पावसात, चिकटराव घरून दाढी करूनच निघाला होता.